दगडाचा शेवटचा काप

"मामा, काचेवर काहीच नाहीये." मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

दगडूमामांनी काच उजेडाला धरली. साडेतीनशे कोटी वर्षांचा दगड तिच्यावरून पार पुसला गेला होता. सकाळी त्यांनीच तो घासून घासून पाण्यात घालवला होता. पृथ्वीवरचे अगदी पहिले जीव, डोळ्यांना न दिसणारे जंतू, थरावर थर रचून ज्यात आपली खूण ठेवून गेले, तो हा दगड. मॅडमनी त्याच्यासाठी चार वर्षं वणवण केली आणि हाती लागला नखाएवढा तुकडा. त्याचा आता एकच काप उरला होता.

दगडाचा काप काचेला चिकटवायचा आणि आरपार उजेड जाईल इतका पातळ घासायचा, हे काम मामा प्रयोगशाळेत एकतीस वर्षं करत होते. खरं नाव पगारपत्रकातच उरलं होतं. पोरांनी दगडू केलं ते केलंच. यंत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुठे थांबायचं ते बोटाच्या टोकाला कळतं, असं छाती फुगवून सांगत. आणि कळायचंही, उगाच नाही कशाला म्हणायचं!

"घाई झाली असेल," मॅडम म्हणाल्या. "उरलेला निवांत करा."

मामांनी काच खाली ठेवली. चार महिने त्यांनी घरी बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. दुसरा कुठला दगड असता, तर आजही वेळ मारून नेली असती.

"मॅडम, बोटं गेली माझी," ते म्हणाले. "साखरेनं. सुई टोचली तरी कळत नाही. हा तुम्ही घासा."

"मी? माझ्या हातून वाट लागेल त्याची!"

"माझ्या हातून लागलीच की. बसा. विद्यार्थी होतात तेव्हा शिकवलं होतं ना?"

मॅडम बसल्या. मामा हात पाठीमागे धरून शेजारी उभे राहिले. हात पुढे करायचा मोह आवरताना त्यांना घाम फुटला.

"दाब नको. नुसतं गोल फिरवा. आता भिंगाखाली बघा. पिवळं दिसतंय? मग जाड आहे अजून. राखाडी दिसलं की थांबायचं."

असं दीड तास चाललं.

"राखाडी झालं, मामा."

"थांबा! आता फुंकरसुद्धा नको."

मामांनी भिंगाला डोळा लावला. काळसर, नागमोडी रेघा, एकीवर एक. ते बराच वेळ बघत राहिले.

"ना हात, ना डोळे," ते पुटपुटले, "तरी केवढं काम करून गेले." डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

काचेच्या कडेला चिठ्ठी लावायची असते. दगड कुठला, किती जुना, घासणारा कोण.

"तुमचंच नाव घाला," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून झालं."

"खोटं कशाला लिहू?" मामांनी पेन घेतलं. ते बोटांत नीट बसलंय ना, हे डोळ्यांनी बघत, एकेक अक्षर काढत त्यांनी मॅडमचं नाव लिहिलं.