बहात्तर नंबरचा जेट

मी एक जुना कार्बोरेटर आहे. खडकाळ वाटेवर चालणाऱ्या, जाड चाकांच्या एका लहान एटीव्ही गाडीच्या सीटखाली माझी जागा आहे. मित्रांनो, माझे काम सांगायला सोपे आणि करायला कंटाळवाणे आहे. आत येणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळायचे आणि ते मिश्रण इंजिनाला द्यायचे. बावीस वर्षे मी हेच करतो आहे. आता माझे पितळ झिजले आहे, रबरी वायसर कडक झाले आहेत, आणि खरे सांगायचे तर मी दमलो आहे.

माझ्या पोटात जेट नावाचा एक बारीक पितळी स्क्रू असतो. त्याला आरपार भोक असते. गाडी जोरात पळते तेव्हा बहुतेक पेट्रोल त्या भोकातूनच जाते. पंचाहत्तर नंबरच्या जेटचे भोक पाऊण मिलिमीटरचे. नंबर वाढला की भोक मोठे, भोक मोठे की पेट्रोल जास्त.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. पहिली नऊ वर्षे समुद्रकाठी गेली. तिथे आमची गाडी तासाच्या भाड्याने फिरायची. रोज नव्या माणसाचा अंगठा वेग वाढवायची कळ, म्हणजे थ्रॉटल, दाबायचा. कौतुक व्हायचे ते गाडीच्या लाल रंगाचे. हंगाम संपला की मला पेट्रोलसकट शेडमध्ये ढकलून देत. ते पेट्रोल माझ्या आत वाळून चिकट होई, आणि पुढच्या वर्षी लोक म्हणत, "आळशीच आहे ही गाडी!"

मग एका मेकॅनिकने आम्हाला विकत घेतले आणि डोंगराच्या पायथ्याशी आणले. त्याच्या मुलीला गाडी हवी होती. डोंगरमाथ्यावर हवामान खात्याची एक छोटी चौकी आहे. तेथील पाऊस, तापमान आणि हवेचा दाब यांची नोंद तिला रोज सकाळी आठ वाजता करावी लागते.

मेकॅनिकने मला खोलून काढले, धुतले, फुंकले. मग इंजिन चालू करून डोळे मिटले आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा माझा बाहेरचा स्क्रू इतका हळू फिरवला की मलाच कळले नाही. तो कानाने ऐकून गाडी जुळवायचा. "आवाज सांगतो सगळं," असे म्हणायचा. लांबून लोक त्याच्याकडे गाड्या आणत. त्याच्या हाताखाली माझी अनेक वर्षे बरी गेली.

मागच्या वर्षी मात्र काहीतरी बिघडले. एअर फिल्टर नवा बसवला, सायलेन्सर बदलला, तरी चढावर गाडी झटके देतच राहिली. मेकॅनिकने नेहमीसारखा कान लावला. स्क्रू योग्य जागेवरून पुढे गेला, आणखी पुढे गेला, तरी त्याचा हात थांबेना. इंजिन अडखळत होते. मला ते कळत होते. त्याला ऐकू येत नव्हते. हे त्याने कुणालाच सांगितले नाही, आणि मला तर तोंडच नाही.

"ताकद कमी पडतेय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय," असे म्हणून त्याने अठ्ठ्याहत्तरचा जेट घातला. नंतर ब्याऐंशीचा. माझा जीव पेट्रोलने गुदमरला.

शेजारचा पंक्चरवाला ओरडला, "अहो दादा, गाडी आहे की धूरफवारणीचं यंत्र? गल्लीतले डास गेले, आता माणसं जातील!"

त्या महिन्यात मुलीच्या दोन नोंदी चुकल्या. तिसरी चुकली तर चौकी बंद करू, असे पत्र आले. त्या संध्याकाळी तिची आई हळूच म्हणाली, "ने ना गं दुसऱ्या गॅरेजमध्ये."

"नेईन," मुलगी म्हणाली, "पण मग बाबांकडे कोण येईल? स्वतःच्या मुलीने दुसरीकडे नेली म्हणतील लोक."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने वडिलांना मागे बसवले. "बाबा, बिघाड वर होतो आणि तुम्ही खाली दुरुस्त करता. आज वर चला." चढ संपता संपता तिने इंजिन एकदम बंद केले.

"चालू कर, ऐकतो," तो म्हणाला.

"चालूच होतं बाबा. शेवटच्या वळणावर किती अडखळलं, ऐकलंत?"

तो गाडीवरून खाली उतरला. मग म्हणाला, "नाही गं. सहा महिने झाले. आईला नको सांगूस."

 इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग तिने थोडा निवल्यावर काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तो काजळीने काळाकुट्ट झाला होता.

"वर हवा विरळ असते बाबा. हवाच कमी, त्यात तुम्ही पेट्रोल वाढवत गेलात."

त्याने प्लग फिरवून फिरवून पाहिला. "म्हणजे मी उलटाच चाललो होतो की! आयुष्यभर हे प्लग पुसून टाकले, एकदाही त्यांचा रंग वाचला नाही."

त्याने सोबतच्या पिशवीतली जेटची जुनी डबी उघडली. पंचाहत्तरचा बसवला, एक चढ मारला, प्लग काढला. अजून काळा; माझे झिजलेले पितळ पेट्रोल जास्तच सोडत होते. सत्तरचा घातला, तर पेट्रोल कमी पडून प्लग पांढराफटक पडला आणि इंजिन तापले. मुलीने प्रत्येक वेळी रंग वहीत लिहिला. एका वेळी एकच बदल, हा तिचा हट्ट. शेवटी बहात्तरचा. या वेळी प्लग विटकरी तपकिरी निघाला, म्हणजे मिश्रण नेमके जमले. किती महिन्यांनी मी पोटभर श्वास घेतला!

आठला पाच कमी असताना ती उपकरणांपाशी उभी होती. नोंद झाली.

त्या दिवशी खाली पोहोचल्यावर मेकॅनिक आधी घरात गेला आणि बायकोला स्वतःच सांगून आला. मग पंक्चरवाल्यापाशी जाऊन म्हणाला, "जरा मोठ्यांदा बोलत जा रे. मला कमी ऐकू येतं. आणि तुझी गाडी आण, प्लग बघू दे."

"आणतो, पण बिनधुराची परत करा, दादा!" पंक्चरवाला हसत ओरडला.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरले नाहीत. झिजलेले पितळ भरून येत नाही. जाण्यापूर्वी एवढेच मागणे आहे. एखादे यंत्र धूर सोडू लागले, की त्याला आळशी म्हणू नका. उघडा आणि आत काय झाले आहे ते पाहा. आणि एखाद्या जाणत्या माणसाचा हात चुकू लागला, तर त्याचे काम काढून घेण्याआधी त्याच्या शेजारी थोडे बसा. आम्ही थकलेले आपणहून बोलत नाही. कुणी विचारले तर सांगतो.