पाहुण्यांची चॉकलेटं

धाकटीच्या लग्नात पाहुण्यांना वाटायची चॉकलेटं दोघी बहिणींनी घरीच केली होती. शेवटचा साचा थंड व्हायला ठेवताना थोरलीचं लक्ष वजनकाट्याकडे गेलं. मागचं झाकण निसटलं होतं आणि आतला बटणाएवढा सेल गायब होता. शेजारीच तिची दीड वर्षाची लेक लाळ गाळत बसली होती.

तिने लेकीला उचललं आणि तडक दवाखाना गाठला. घरी धाकटी फोन कानाशी धरून एकेक चॉकलेट फोडत होती.

"ताई, यातच पडला असेल गं. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

"सगळी फोड."

"फोडतेय गं बाई! आता पाहुण्यांना काय भुगा वाटू?"

"वाट भुगा. पण तो सेल सापडू दे."

घरचे तिला कायम भित्री भागूबाई म्हणायचे. आज त्यांचंच खरं ठरावं, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरला. इवल्याशा बरगड्यांच्या मधोमध एक पांढरी गोल टिकली दिसत होती.

"अजून बरीच उरलीत, ताई. मिळेल बघ."

"राहू दे," ती म्हणाली. "आता नको फोडूस."