टाकून दिलेल्या शब्दकोशाचा डूख

मी एक इलेक्ट्रॉनिक शब्दकोश बोलतोय. तळहाताएवढा, चंदेरी, पुस्तकासारखा मिटणारा. माझ्या पोटात एका बाईचा आवाज आहे. बटण दाबलं की ती एक इंग्रजी शब्द म्हणते आणि गप्प बसते. आज मात्र मला एका शब्दावर भागवायचं नाही. मी एका माणसावर डूख धरून आहे आणि तो का, हे तुम्हाला सांगणार आहे.

माझा पहिला मालक कामादा. मात्सुयामाला कॉलेजात शिकणारा सडपातळ, हुशार पोरगा. त्याने मला दुकानातून घेतलं तेव्हा घरी पोचेपर्यंत तीनदा पिशवीत डोकावून पाहिलं होतं. माझ्या बॅटरीच्या झाकणाआड त्याने बारीक अक्षरात आपलं आडनाव लिहून चिकटवलं. मला वाटलं, आता जन्मभराची सोबत झाली.

त्याला एइकेन या जपानातल्या इंग्रजीच्या परीक्षेची पूर्व-प्रथम, म्हणजे वरून दुसरी, श्रेणी हवी होती. त्या परीक्षेचे दोन टप्पे. आधी लेखी, आणि ती पास झाली की मुलाखत. समोर एक माणूस बसतो, चार चित्रं पुढे ठेवतो आणि म्हणतो, यांची गोष्ट सांगा. लेखी कामादाने पहिल्याच फटक्यात काढली. मुलाखतीत मात्र तो दोनदा पडला. तिसऱ्या वेळी आम्ही परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत गेलो. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि वळून स्टेशनकडे चालू लागला.

सराव म्हणून तो इंग्रजीत रोजनिशी लिहायचा. अडलेला शब्द माझ्यात शोधायचा आणि जपून ठेवायचा. त्या दिवशी संध्याकाळी त्याने चार शब्द जपले: घसा कोरडा पडणे, थरथरणे, गैरहजर, माघार.

पुढे त्याने टोइक नावाची दुसरी, फक्त ऐकण्या-वाचण्याची इंग्रजी परीक्षा दिली. तिथे तोंड उघडायचं नसतं. नऊशे नव्वदपैकी आठशे नव्वद गुण पडले. ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून तो यावाताहामाला आला, संत्र्यांच्या डोंगरांमधल्या आमच्या या बंदराच्या गावात, आणि हायस्कूलमध्ये इंग्रजीचा शिक्षक झाला. चौकट त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर लागली. मी खणात गेलो.

मग फोन हुशार झाले. एके दिवशी शिक्षकांच्या खोलीबाहेर एक खोकं आलं, वर लिहिलेलं, 'हवं त्याने न्यावं.' कामादा सरांनी मला त्यात टाकलं आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "याचा आवाज ऐकला की डोकं उठतं माझं."

कॉलेजात असताना रोज ज्या आवाजामागून ते शब्द म्हणायचे, त्या आवाजाबद्दल हे बोलले. तिथून माझ्या मनात विष साठायला लागलं.

त्या खोक्यातून मला चिसातो ह्योदोने उचललं. अकरावीतली पोरगी. डोंगरउतारावर संत्र्याच्या बागा असलेल्या तेत्सुरो ह्योदोची एकुलती एक. आई नव्हती. वर्गात फोन चालत नसे, शब्दकोश चाले, म्हणून मी. तिने बॅटरी घालायला झाकण काढलं आणि आतलं नाव वाचलं. मला वाटलं, आता ठेवेल परत. तिने फक्त भुवया उंचावल्या आणि झाकण लावलं. जपलेले शब्दही तिने चाळले, पण त्यांतून तिला काही उमगलं नाही.

महिनाभराने सरांनी प्रत्येकाला एक मिनिट इंग्रजीत बोलायला लावलं आणि ते रेकॉर्ड केलं. चिसातो बागेबद्दल बोलली. उताराला इंग्रजीत काय म्हणतात तो शब्द तिच्या जिभेवर अडकला. एकदा, दोनदा, तीनदा. मग दमलेल्या किटलीसारखा बारीक श्वास निघाला आणि मिनिट संपलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते वर्गात वाजवलं. "ऐका. एका मिनिटात किती चुका बसवता येतात, त्याचा हा नमुना." पोरं खिदळली. सरांना ते हसू आवडलं असावं, कारण त्यांनी तो नमुना शेजारच्या वर्गात वाजवला, आणि मग तिसऱ्याही वर्गात. तिसऱ्या वर्गातलं हसू भिंतीपलीकडून आमच्यापर्यंत आलं. चिसातो वहीकडे बघत होती. मी तिच्या मांडीवर होतो आणि तिच्या बोटांखाली माझी कळपट्टी कचकन दबली.

बसथांब्यावर पोरं तिला बघून तोच शब्द अडखळत म्हणायची. ती वर्गात बोलेनाशी झाली. इंग्रजीतच नव्हे, जपानीतही. गणिताच्या बाईंनी विचारलं तरी मान हलवायची. मला खोक्यात टाकलं ते मी कदाचित विसरलोही असतो. पण हे नाही.

शरदात पालकांची भेट असते. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक एका टेबलाशी बसतात. तेत्सुरो बागेतून तसाच आलेला, मानेला टॉवेल.

"ही पुढे इंग्रजी शिकायचं म्हणते," तो वाकून म्हणाला. "कुठली परीक्षा द्यावी हिने, सर? एकेकाची नावं ऐकून माझं डोकं चक्रावलंय."

"टोफेल आहे, त्यात यंत्रासमोर बोलावं लागतं. आयेल्ट्स आहे, त्यात माणसासमोर. एइकेनलाही मुलाखत आहेच." सर हसले. "ह्योदोने टोइक द्यावी. ऐकायचं, वाचायचं, गोल काळे करायचे. तोंड उघडायची गरज नाही. हिच्या बाबतीत तेच बरं."

तेत्सुरोने लेकीकडे पाहिलं. "पण एइकेनची ती वरची श्रेणी असली तर हिच्या पसंतीच्या विद्यापीठात इंग्रजीच्या पेपराला सूट मिळते म्हणे."

"मुलाखत म्हणजे खेळ नाही, ह्योदोसान. समोर माणूस बसला की घसा कोरडा पडतो. हात थरथरतात. बरीच मुलं ऐन वेळी माघार घेतात, गैरहजर राहतात. उगाच कशाला?"

चिसातोने मान वर केली. पिशवीत मी होतो. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणीतरी बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

घरी जाताना छोट्या ट्रकमध्ये तिने मला उघडलं आणि जपलेले शब्द काढले. घसा कोरडा पडणे. थरथरणे. गैरहजर. माघार.

"बाबा, गाडी थांबवा."

"काय झालं?"

"हा शब्दकोश सरांचा आहे. आणि ते मुलांचं नव्हतं सांगत. स्वतःचं सांगत होते. म्हणून तर त्यांच्या भिंतीवर फक्त टोइकची चौकट आहे."

तेत्सुरोने माझा पडदा डोळ्यांजवळ धरला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण जपानी अर्थ वाचता येत होते. मग मला तिच्या हातात परत देत म्हणाला, "मग?"

"मग मी एइकेनच देणार. त्यांना जी मिळाली नाही, तीच श्रेणी. आणि ती मिळाली की त्या दिवशी वर्गात उभी राहून ही यादी मोठ्याने वाचणार. तिन्ही वर्गांत."

कित्येक महिन्यांनंतर तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघालं होतं. ते सुडाचं होतं आणि मला ते फार गोड लागलं.

पुढचं वर्षभर आम्ही त्या सुडावर जगलो. पोरगी बागेत उतारावर उभी राहून समुद्राच्या दिशेने इंग्रजी ओरडायची. माझ्यातली बाई एक शब्द म्हणायची, चिसातो तो दहा वेळा म्हणायची, चवताळून. खालच्या बागेतला म्हातारा विचारायचा, "तेत्सुरो, पोरगी कुणाला शिव्या देते रे?"

"अभ्यास करतेय."

"असला अभ्यास आमच्या वेळी नव्हता."

मुलाखतीचा परीक्षक तेत्सुरो व्हायचा. संत्र्यांची खोकी ठेवायच्या शेडमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर. गोष्ट सांगायला चार चित्रं हवीत म्हणून त्याने स्वतः काढली. पहिल्यात रानडुक्कर बागेत येतं. दुसऱ्यात संत्री खातं. तिसऱ्यात तो जाळी लावतो.

"आणि चौथ्यात डुक्कर जाळीच्या आत कसं?"

"ते आत, मी बाहेर. झालंच होतं तसं, म्हणून तसंच काढलं. सांग गोष्ट."

ती सांगायची. त्याला एक अक्षर कळायचं नाही, पण चेहरा असा कठोर करून बसायचा की मलाही धाक वाटायचा.

"काय म्हणालीस ते कळलं नाही," तो शेवटी म्हणायचा, "पण पाय हलत होते. आणि एक सांग. तू परीक्षा द्यायला निघालीस की त्याला मारायला?"

"दोन्ही."

"मग ताठ बस. मारायला निघालेलं माणूस असं पोक काढून बसत नाही."

बारावीच्या शरदात लेखी निघाली. नोव्हेंबरातल्या रविवारी मुलाखतीसाठी आम्ही मात्सुयामाला गेलो. केंद्रावर फोन बंद करून पाकिटात घालून गळ्यात अडकवायला दिले. मी बंद होऊन पिशवीत. बंद असलो तरी मला ऐकू येतं, आणि पिशवीच्या उघड्या तोंडातून दिसतंही.

खोलीबाहेर खुर्च्यांची रांग. आत एक जण, बाहेर पुढचे ओळीने बसलेले. चिसातो आपल्या खुर्चीवर बसली आणि तिच्या पुढच्या खुर्चीवरचा माणूस वळला.

कामादा सर.

पुढे कळलं की त्या वर्षी शिक्षण खात्याचं पत्रक आलं होतं, इंग्रजीच्या शिक्षकांनी ही श्रेणी मिळवावी म्हणून. सरांनी कुणाला न सांगता अर्ज भरला होता. आता ते सुटात घामाघूम झाले होते, आणि मागे बसली होती नेमकी ही.

"ह्योदो," ते कुजबुजले. "तू... इथे?"

"सर, बोलायची मनाई आहे."

दाराआडून कुणाचं तरी भराभर इंग्रजी ऐकू येत होतं. सर उठले आणि त्यांनी बॅग उचलली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जा, म्हटलं. पळ. फाटक तुला माहीत आहे. उद्या शाळेत ही सगळ्यांना सांगेल की कामादा रांगेतून पळाला. यापेक्षा मोठा सूड मी मागितलाच नव्हता.

चिसातोने त्यांच्या कोटाची बाही धरली.

"बसा खाली, सर."

"माझ्या पोटात जरा..."

"तुमचा जुना शब्दकोश माझ्याकडे आहे. तुम्ही त्यात काय काय जपून ठेवलंय, ते सगळं मी वाचलंय." सरांचा चेहरा उतरला. ती तशीच हळू आवाजात म्हणाली, "पळालात तर ते उद्या तिन्ही वर्गांत वाचून दाखवीन. आत जाऊन पडलात तर नाही वाचणार."

"तुला मजा वाटतेय ना?"

"हो. माझं मिनिट तीन वर्गांनी ऐकलं. तुमचं मी एकटी ऐकणार. जा आत."

दार उघडलं, नाव पुकारलं गेलं. ते गेले.

दार पातळ होतं. आम्ही सगळं ऐकलं. सर अडखळले. 'पुन्हा सांगाल का' एवढंच इंग्रजीत म्हणायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला. दुसऱ्या चित्रावर ते थांबले. मग पुन्हा सुरू झाले, चुकीच्या जागेवरून. मी चिसातोच्या हसण्याची वाट बघत होतो. ती दाराकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. हसली नाही. एका क्षणी, सरांचं वाक्य अर्ध्यावर लटकलं तेव्हा, तिच्याच ओठांनी त्यांचा पुढचा शब्द बिनआवाज म्हटला. ते पाहून मी तिच्यावरही चिडलो, हे लपवत नाही.

सर बाहेर आले. ती त्यांच्याजवळून आत गेली. राग अजून अंगात होता, त्यामुळे आवाज मोठा निघाला. चुकली, अडली, पण पाय हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर आमच्या वर्गात आले, खडू हातात घेतला आणि फळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"मी काल एइकेनच्या मुलाखतीला गेलो होतो," ते फळ्यालाच म्हणाले. "बहुतेक नापास होईन. ह्योदो माझ्या मागच्या खुर्चीवर होती. गेल्या वर्षी मी तिचं बोलणं तुम्हाला ऐकवलं. ते..."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सरांचं वाक्य तिथेच तुटलं. "पान बासष्ट काढा," ते म्हणाले.

तास संपल्यावर ते चिसातोला म्हणाले, "ते रेकॉर्डिंग मी पुसून टाकलंय."

"तीन वर्गांच्या कानांतून कसं पुसणार, सर?"

ते पुस्तक उचलून बाहेर पडले. उरलेल्या दोन वर्गांत ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. निकाल आला. चिसातो काठावर पास, सर चार गुणांनी नापास. तिने दिलेला शब्द पाळला. ती यादी कधीच वाचली नाही. मी किती वाट बघितली.

आता ती हिरोशिमाला शिकते. फोनवर तेत्सुरो विचारतो, "त्या मास्तरचा राग आहे का अजून?" ती म्हणते, "कोण मास्तर?" खोटं बोलते. सुट्टीत इथे आलेली तिची मैत्रीण सांगत होती, कुणी हसत हसत जरी फोन पुढे धरून 'रेकॉर्ड करतोय, बोल' म्हणालं, तरी ही उठून खोलीबाहेर जाते.

मी शेडमधल्या फळीवर असतो. बिजागरी मोडली आहे, तिला टेप लावला आहे. कळांमध्ये संत्र्याच्या सालीचा चिकटा बसलाय. पावसाच्या दिवशी तेत्सुरो मला उघडून एखादा शब्द वाजवतो आणि मागून तो म्हणून बघतो; उच्चार काही वाईट नाही त्याचा. हिवाळ्यात कामादा सर खोकंभर संत्री घ्यायला येतात. यंदा फळीवर मला पाहून थबकले. तेत्सुरोने दोन संत्री जास्तीची घातली. तो भला माणूस आहे. मी नाही.

म्हणून माझं बोलणं तुमच्यापाशी आहे, कामादा सर. फेब्रुवारीच्या परीक्षेचे अर्ज निघाले आहेत, भरा. पुन्हा पडाल, तरी जा. पण त्याआधी ते दोन वर्ग. मुलं पांगली असं म्हणू नका. त्यातला एक पोस्टात चिकटलाय, एक बेप्पूला जाणाऱ्या बोटीवर दोर टाकतो, एक मुलगी बंदरावरच्या खानावळीत काम करते. बारा-पंधरा जण तर तुम्हाला रोज वाटेत नमस्कार करतात. त्यांना थांबवा आणि तुटलेलं ते वाक्य एकेकापाशी पुरं करा. अडखळलात तरी चालेल.

तोवर मी तुम्हाला माफ केलेलं नाही.