नवव्या फेरीचा कॅचर

ऑरिन हॉगन तीस वर्षं बेसबॉलच्या एका क्लबासाठी गुणी खेळाडू हेरत आला होता. पण ड्राफ्टच्या, म्हणजे क्लबांनी फेरीफेरीने नवे खेळाडू निवडायच्या दिवसांच्या, दोन दिवस आधी फिलहॉवरांच्या अंगणात गाडी लावताना त्याचा पाय उतरायला तयार नव्हता. साउथ डकोटातल्या या घरचा ब्रँट बावीस वर्षांचा, कॉलेज संपवलेला कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. ऑरिनला मनापासून आवडलेला. आणि त्यालाच आज पडेल भाव सांगायचा होता.

ब्रँटच्या आईने रुबार्बचा कूखन, म्हणजे तिकडचा आंबटगोड जर्मन केक, कापून पुढे ठेवला आणि ती मुलाशेजारी बसली.

"नवव्या फेरीत तुझं नाव घेऊ," ऑरिन म्हणाला. "दहा हजार डॉलर."

"लीगने ठरवलेली त्या जागेची किंमत तर एक लाख नव्वद हजार आहे ना?" ब्रँटने विचारलं.

"आहे."

"मग उरलेले कोणाला?"

ऑरिनने खोटं बोलायचं टाळलं. "टेक्सासमध्ये एक शाळकरी पिचर आहे, चेंडू फेकणारा. त्याला तिसऱ्या फेरीत घ्यायचंय, पण तो त्या जागेच्या किमतीत येत नाही. पहिल्या दहा फेऱ्यांना मिळून खर्चाची एकच मर्यादा. तुझ्यावर वाचवू ते त्याला देता येतील."

आईचा चेहरा उतरला. ब्रँट मात्र कूखन खात राहिला.

"हॉगनसाहेब, मी सही केलीच नाही तर?"

"तर त्या जागेचे सगळे पैसे आमच्या मर्यादेतून वजा होतात."

"म्हणजे पिचरही हातचा जातो. तुम्हाला स्वस्त माणूस नकोय, शब्द न फिरवणारा माणूस हवाय." त्याने तोंड पुसलं. "मी फिरवणार नाही. पंचवीस हजार द्या."

"तुला दुसरीकडे जायला वाव नाही, पोरा. कॉलेज संपलंय तुझं, तिथे परत खेळता येणार नाही."

"खरंय. पण ऑगस्टपासून इथल्या शाळेत गणित शिकवायची नोकरी ठरलीय. मला ती आवडेलसुद्धा."

ऑरिनला हसू आवरेना. हा पोरगा मागे बसून फलंदाजाला वाचायचा, तसंच आज त्याने अख्ख्या क्लबाला वाचलं होतं. ऑरिन व्हरांड्यात गेला आणि त्याने क्लबाच्या निवडप्रमुख रेनाटाला फोन लावला.

"पंचवीस? कोणाच्या बाजूने आहेस तू?" ती म्हणाली.

"तुझ्याच. असलं डोकं नवव्या फेरीत मिळत नाही, रेनाटा. आणि हा शब्दाला जागेल."

पलीकडे कागद सळसळले. "पिचरला पंधरा हजार कमी सांगावे लागतील."

"त्याच्या वडिलांशी तू बोल. तुझ्यापुढे कोण टिकतं?"

"लोणी लावू नकोस. दे त्याला."

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी नववी फेरी आली तेव्हा फिलहॉवरांच्या घरी शेजारपाजार जमला होता. प्रक्षेपणात नाव पुकारलं गेलं ते दोन सेकंदांत. आईने ते मागे नेऊन पुन्हा ऐकायला लावलं, मग आणखी एकदा. पिचरनेही त्याच आठवड्यात सही केली.

ब्रँट क्लबाच्या कार्यालयात सही करायला आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. कागद त्याने सावकाश, ओळ न ओळ वाचला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"इथे माझ्या आडनावात एक अक्षर चुकलंय."

ऑरिनने कागद दुरुस्तीला पाठवला. नवा येईपर्यंत दोघं खिडकीशी बसून खालच्या मैदानावरचा सराव पाहत राहिले. बराच वेळ लागला. दोघांनाही घाई नव्हती.