खुंटीवरची रिकामी पिशवी

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मी एक जुनी मांजरपाटाची पिशवी आहे आणि माझ्या पोटात अजून एक वास आहे. तो काही केल्या गेला नाही. धुळ्याच्या देवपुरातून पांझरेच्या काठाकाठाने पुढे गेलं की एक लहान गाव लागतं. तिथल्या कौतिक आबांच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खुंटीवर मी लटकते आहे. माझ्यात कोणी काही ठेवत नाही. मला कोणी खाली काढत नाही. बोलायला माणूस मिळाला नाही की जुन्या गोष्टी आठवत बसायचं, एवढंच काम उरलंय. आज तुम्ही आलात, तर सांगून टाकते.

माझा जन्म मोठ्या कौतुकात झाला. आबांची बायको मंजुळाबाई हिने मला हाताने शिवलं. कापड नवं होतं. काठाला तिने आपल्या जुन्या लुगड्याची लाल किनार लावली आणि बंद दुहेरी घातले. शेजारची द्रौपदाबाई मला उलटीपालटी करून म्हणाली, "मंजुळा, टाका दखातच नही वं!" मी तेव्हा अशी काही फुगले, की विचारू नका. त्यांचा एकुलता एक मुलगा जीवराम पहिलीत जाणार होता आणि मी त्याचं दप्तर होणार होते. माझ्यात पाटी होती, पेन्सिलीचे तुकडे होते, कधी बोरं असायची. शाळेच्या वाटेवर जीवराम मला डोक्यावर घ्यायचा, गळ्यात घालायचा, एकदा तर त्याने माझ्यात बेडूक घालून नेला. तो बेडूक सोडला तर त्या दिवसांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पोर मोठं झालं. आठवीत गेल्यावर त्याला बाजारातलं चेनचं दप्तर आलं आणि मी बाजाराची पिशवी झाले. वांगी, मिरच्या, गूळ. त्यातही मान होता. पण पुढे आबांनी मला एक वेगळंच काम लावलं.

आबांना संध्याकाळी थोडी घ्यायची सवय होती. शेतातून आले, हातपाय धुतले, की ओट्यावर बसून हाक मारायचे, "जीवराम! पिशवी ले. नथ्थूकडे जाय."

नथ्थूचं देशी दारूचं दुकान सडकेला होतं. आबा स्वतः तिथे जात नसत. चारचौघांत दुकानाच्या दारात उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटे. पोराला पाठवण्यात मात्र त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. गावात सगळेच पाठवत. कोणी बिडी आणायला, कोणी तंबाखू, कोणी बाटली. नथ्थूही विचारत नसे. कौतिक आबांचं पोरगं, कौतिक आबांची पिशवी, झालं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? ऐका तर.

जीवराम तेव्हा नववीत होता. मिसरूड फुटायला लागलं होतं आणि बोलणं कमी झालं होतं. घरात त्याच्याशी बोलणार तरी कोण? आई चुलीशी, गोठ्याशी. आणि आबा त्याच्याशी दिवसभरात जे काही बोलत, ते एवढंच. पिशवी घे, जा, लवकर ये. त्या पोराच्या खांद्यावर मी असे, म्हणून मला ठाऊक. परतीच्या वाटेवर पांझरेच्या वाळूपाशी एक बाभूळ होती. तिथे तो उगाच बसून राहायचा. खडे पाण्यात फेकायचा. कधी माझ्या लाल किनारीवरून बोट फिरवत राहायचा. इतकं एकटं पोर मी पुन्हा पाहिलं नाही.

एके दिवशी तिथे बसून त्याने बाटलीचं सील फोडलं. एक झाकणभर घेतली, तोंड वाकडं केलं, थुंकला. मला वाटलं, सुटलो दोघंही. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकणभर घेतली, आणि थुंकला नाही. मग झाकण सुटलं आणि घोट आले. गावाच्या तोंडाशी हापसा होता. तिथे तो बाटलीत पाणी घालून ती होती तेवढी भरायचा, चूळ भरायचा आणि घरी यायचा. सांडलेले थेंब माझ्यात मुरायचे. मी ओरडून सांगितलं असतं, पण पिशवीला बंद असतात, तोंड असूनही आवाज नसतो.

आता आबांची गंमत ऐका. दारू पातळ लागायला लागली तसे ते भडकले. पण भडकले कोणावर? नथ्थूवर! भर चावडीपाशी त्याची गचांडी धरून म्हणाले, "पानी टाकस तू! बठ्ठा गावले सांगसू मी!"

"मना पोरनी आन, आबा! शीलबंद बाटली देस मी!" नथ्थू बिचारा रडकुंडीला आला.

गाव हसलं. जीवराम माझ्यासकट कोपऱ्यात उभा होता. त्याचा हात माझ्या बंदावर घट्ट आवळला होता. त्याला वाटत होतं, आता कोणीतरी आपल्याकडे बघेल. कोणीच बघितलं नाही. त्या संध्याकाळी त्याने जास्त घेतली आणि नाल्याच्या फरशीपुलावरून पाय घसरून पडला. गुडघा फुटला. पाणी असतं तर बुडालाच असता. घरी म्हणाला, दगडाला ठेचकाळलो.

मंजुळाबाईला मात्र काळजी लागली. पोरगं जेवत नाही, नजर चुकवतं, सारखी बडीशेप चघळतं. तिने नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "या वयमा पोरे तसाच ऱ्हातस." बोलणं तिथेच संपलं.

त्याच सुमारास देवपुरातल्या एका संस्थेची माणसं गावात यायला लागली. रविवारी शाळेच्या ओसरीत ते आईबापांना बोलवत. त्यांच्यात इंदिराबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. गोल चष्मा, सुती पातळ, आवाज असा की मागच्या भिंतीपर्यंत पोचेल. गावाला वाटलं, हे दारू सोडवणारे. पिणारे लपून बसले. इंदिराबाई म्हणाल्या, "आम्ही पिणाऱ्यांना पकडायला आलो नाही. ज्या पोरांनी अजून तोंड लावलं नाही, किंवा नुकतंच लावलंय, त्यांच्या आईबापांसाठी आलोय. पोर हातचं जाण्याआधी काय करायचं, ते आपण मिळून शोधू."

शेजारचा पुना म्हणाला, "आमना गावना पोरे तसा नहीत, बाई."

"नसतील तर चांगलंच. पण तुमचं पोर संध्याकाळी कोणाबरोबर असतं, सांगता?"

पुना डोकं खाजवायला लागला.

त्या मुळी उपदेश करत नसत. पोरांबरोबर एक वेळचं जेवण एकत्र घ्या, म्हणत. त्यांच्या मित्रांची नावं माहीत करून घ्या. ओरडण्याआधी विचारा. मंजुळाबाई प्रत्येक बैठकीला एकटी जायची. मग एकदा इंदिराबाईंनी सांगितलं, "पुढल्या रविवारी येताना घरातून एक वस्तू आणा. मुलाला दुकानात पाठवताना, काम सांगताना त्याच्या हातात जी देता ती. आणि बापांनीही यायचं."

आबा कशाला येतात! पण मंजुळाबाईने मला बगलेत मारलं तेव्हा त्यांनी विचारलं, कुठे निघालीस. दारूविरुद्धच्या बैठकीला, असं ऐकताच ते उठलेच. त्यांना वाटलं, नथ्थूची तक्रार करायला यापेक्षा चांगली जागा नाही. मला तिच्याकडून ओढून घेऊन ते पुढे चालू लागले.

ओसरीत बायाबापड्यांनी वस्तू मांडल्या होत्या. तेलाची बरणी, चहाचा डबा, तपकिरीची डबी. तानुबाईने बिड्यांचा कट्टा ठेवला आणि म्हणाली, "मनी नात चूलवर बिडी पेटाडी आनस तिना आजाले." मग स्वतःच थबकली. पेटवून आणायची म्हणजे आधी ओढावी लागते, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

आबांनी मला उंच धरलं. "बाई, तुम्ही दारूना इरोधमा शेतस ना? मंग पहिले त्या नथ्थूले धरा. बाटलीमा पानी टाकस तो!"

लोक हसले. इंदिराबाई हसल्या नाहीत. "कशावरून, भाऊ?"

"शील फोडेल ऱ्हास ना! रोज!"

"तुमच्यासमोर फोडतो?"

"मी कशाले जासू तठे? मना पोऱ्या आनस."

बोलून झालं आणि आबांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तेच शब्द पुन्हा उच्चारले, अगदी हळू, स्वतःशीच. "मना पोऱ्या आनस." त्यांनी मला खाली घेतलं, माझं तोंड उघडलं आणि आत नाक घातलं. मंजुळाबाईने पदर तोंडाला लावला.

आबा तडक निघाले. इंदिराबाईंनी त्यांना दारात गाठलं. "भाऊ, आज हात उचललात तर तो उद्या दुसरीकडे पिईल आणि तुम्हाला कधीच कळणार नाही. आधी पाठवणं थांबवा. आणि त्याच्याजवळ बसा."

"बसी काय बोलू, बाई? माले बोलता नही येत."

"मग नुसते बसा."

वाटेत आबा हापशापाशी थांबले. दांडा दाबला. पाणी आलं, वाहून गेलं. ते त्या पाण्याकडे बघत राहिले. मला वाटतं, आपलं पोर इथे बाटली धरून एकटं कसं उभं राहत असेल, ते त्यांना तेव्हा दिसलं.

घरी जीवरामने बापाच्या खांद्यावर मला पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. तो भिंतीला चिकटून मार खायला तयार झाला.

"बस," आबा म्हणाले. स्वतःही खाली बसले. "चूक मनी शे, बेटा. आते तू जाऊ नको तठे."

पोराला रडू फुटलं. रडतारडता म्हणाला, "आबा, तू मनासंगे फक्त पिशवीपुरतं बोलस. दुसरं काहीच बोलस नही."

आबांनी मला उचललं आणि या खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं ओट्यावर बसले. हाक मारायला कारण नव्हतं, पाठवायला दुकान नव्हतं. बसल्याबसल्या दोघंही अवघडून गेले. शेवटी आबांनी खाकरून शाळेचं विचारलं, "शायमा काय शिकाडतस?"

"नकाशा."

"कशाना?"

"धुये जिल्हाना."

"आपलं गाव शे का त्यामा?"

"नही."

"मंग काय कामना तो नकाशा!"

जीवराम खुदकन हसला. किती दिवसांनी! मग त्याने कोळशाने ओट्यावरच नकाशा काढला. पांझरा काढली, गाव काढलं, शाळा काढली. बाभूळ काढली आणि तिथे काय व्हायचं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. मी खुंटीवरून सगळं बघत होते. दोघांच्या मध्ये मी नव्हते, ही पहिलीच संध्याकाळ.

आबांची दारू त्या दिवसापासून सुटली, असं खोटं सांगणार नाही. ते स्वतः दुकानात जायला लागले. वाटेत लोक रामराम घालत, ते मान खाली घालत, आणि मग जाणं विरळ होत गेलं. जीवराम मात्र सावरला. इंदिराबाई दर महिन्याला त्याच्याशी गप्पा मारून जात. तो दहावी झाला, एस.टी.च्या डेपोत कामाला लागला, त्याचं लग्न झालं.

आणि मी? मंजुळाबाईने मला सोड्याने धुतलं, रिठ्याने धुतलं, उन्हात उलटी करून टाकलं. वास गेला नाही. भाकरी माझ्यात ठेवणार कोण? एकदा ती मला पोतेरं करायला निघाली, तर आबा म्हणाले, "राहू दे तठेच." मग प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. घराला रंग लागला, माझ्याभोवतीने. माझी लाल किनार विटली. ओट्यावर बापलेकांचं हसणं ऐकू यायचं, मला बरं वाटायचं. पण हात लागावा, कोणीतरी खांद्यावर घ्यावं, असंही वाटायचं. वाटणारच ना!

परवाचीच गोष्ट. घरात जीवरामच्या थोरल्या मुलीची सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं, आणि पाहुणे जमले होते. मंजुळाबाईचा भाऊ झिपरू त्यांत होता. त्याने खुंटीवरून मला काढलं आणि जीवरामच्या लहानग्या पोराच्या हातात दिलं. "जाय बेटा, सडकवरना दुकानमातीन मनी बाटली लई ये."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी लहान मुलाचा हात लागला मला. ऊन, थोडा घामेजलेला, अगदी जीवरामच्या हातासारखा. त्याने मला डोक्यावर घेतलं. क्षणभर मला वाटलं, आता मला पुन्हा शाळेच्या वाटेवर नेतील.

आबा खाटेवर आजारी होते. ते काठी टेकत उठले. सगळ्या पाहुण्यांसमोरून चालत आले आणि त्यांनी मला पोराच्या डोक्यावरून काढून घेतलं.

"झिपरू, तुले पेनी व्हई त तू जाय. मना नातूना हात मोकया राहू दे."

झिपरू ओशाळला. आबांनी मला परत खुंटीला अडकवलं. मग नातवाचा मोकळा हात धरून ते ओट्यावर जाऊन बसले आणि त्याला विचारू लागले, आज शाळेत काय काय झालं.

म्हणून सांगते बाळांनो, कोणी तुमच्या हातात अशी पिशवी दिली तर म्हणा, आबा, तुम्हीच जा, नाहीतर इथे बसा, आपण बोलू. घरच्या मोठ्या माणसांनाही माझा निरोप सांगा. पोरांना हाक मारा, पण नुसती काम सांगायला नको. माझी काळजी करू नका. एकटं वाटतं, ते वाटू दे. ओट्यावर ते पोर आजही काहीबाही सांगतंय, आबा हुंकार देतायत, आणि मी इथे रिकामी लटकते आहे.