मूळ चित्रात नसलेला हात

मुलीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ‘बाबा, आईला माझ्याकडे पाठवा. तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही,’ एवढंच तिनं लिहिलं होतं. न झेपण्यासारखं काय होतं? ही जरा हळू झाली होती, इतकंच. वय झालं की होतंच, असं स्वतःला समजावून मी पत्र ठेवून दिलं.

त्याच सुमारास तैलरंग शिकायला लागलो. शिकवणाऱ्या बाईंनी एका जुन्या, नामांकित चित्राची छापील प्रत समोर ठेवली. एक स्त्री उजव्या हातानं पाण्याचा पितळी जग कलता धरून उभी आहे. “याची नक्कल करा. माहीत आहे ते नको, दिसेल तेच रंगवा.” जन्मभर पुस्तकात डोकं घातलेल्या माणसाला हे अवघडच. चेहरा, बाह्यांच्या चुण्या कशाबशा साधल्या, पण मूठ जमेना. पुसून पुसून तिथं चिखल झाला.

“तीन महिने झाले, त्या बाईचं पाणी काही ओतून होईना,” ही म्हणाली.

“मग तूच बस समोर. स्वयंपाकघरातला जग धर नुसता.”

“या वयात?” म्हणत बसली खरी. रिकामा जग उचलला आणि लगेच डावा हात त्याच्या बुडाखाली घातला.

“एकाच हातानं धर ना.”

तिनं डावा हात काढला. दांडीवरून उजवी बोटं एकेक करून सुटत गेली. जग मांडीवर आला.

“पुन्हा धरू?”

मी कुंचला खाली ठेवला. चहाचा कप, कंगवा, दाराची कडी, सगळंच ती दोन हातांनी धरत होती, आणि मी समोर बसून वाचत होतो.

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल. सांगितलं असतं तर तुम्ही नुसत्या येरझाऱ्या घातल्या असत्यात.”

“मुलीला माहीत आहे?”

“मागे आली होती ना, तेव्हा आल्या आल्या ओळखलं तिनं.” मग जग पुन्हा दोन्ही हातांनी उचलत म्हणाली, “मी तिच्याकडे गेले तर तुम्ही खाणार काय? रंग?”

मी डावा हात रंगवला. जगाखाली, होता तसा.

पुढच्या वर्गात बाईंनी चष्मा वर सरकवला. “आजोबा, मूळ चित्रात हा हात नाहीये.”

“नाहीये,” मी म्हणालो. एरवी माफी मागितली असती.

घरी येऊन लिहिलं, ‘रविवारी ये. आईला घेऊन जा. ती नको म्हणेल, ऐकू नकोस.’

टपालपेटीपाशी बराच वेळ घुटमळलो. मागे एक जण खोळंबला होता. त्याला आधी जाऊ दिलं, मग पाकीट टाकलं. ते आत पडल्याचा आवाज काही आला नाही.