वितळणारं कर्ज

रिफत उस्तादला कुणा लबाडानं फसवलं नाही, त्याच्याच आयुष्यभराच्या अनुभवानं फसवलं. तुर्कस्तानातल्या डेनिझली गावच्या टॉवेल कारखान्यात, रंगाच्या हौदाशी तीस वर्षं काढलेला माणूस. लिराची किंमत घसरताना त्यानं इतक्यांदा पाहिली होती, की रोकड जपून ठेवणाऱ्याला तो वेड्यातच काढी. त्याच्या पिढीपुरतं ते खरंही होतं. उधारीवर फ्रिज घेणारा तरला आणि पै पै साठवणारा बुडाला.

क्रेडिट कार्डाचं बिल दरमहा पगारातून आपोआप कापलं जावं म्हणून तो फोन घेऊन चहाच्या दुकानात बसला. फोननं विचारलं, पूर्ण रक्कम की किमान?

"पूर्ण कशाला देतोस, उस्ताद?" शेजारचा हायरी न्हावी म्हणाला. "बँक काय तुझी सासुरवाडी आहे? महागाई वाढू दे. कर्ज आपोआप वितळतं."

रिफतनं 'किमान' दाबलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन हायरीच्या चहाचे पैसेही दिले.

घरी बायकोला, सबिहाला, तो एवढंच म्हणाला, "आता बिलाची काळजी सोड. आपोआप भरलं जातं."

तिनं खरंच सोडली. तेल, पीठ, गॅस, अंकाराला नर्सिंग शिकणाऱ्या नेसरीनच्या वसतिगृहाचं भाडं, सगळं कार्डावर. दरमहा बँकेचा निरोप यायचा, 'रक्कम मिळाली, धन्यवाद', आणि रिफत तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. खाली बारीक अक्षरांत उरलेली बाकी आणि तिच्यावरचं व्याज असायचं. तेवढं तो वाचत नसे. या वेळी व्याज महागाईच्या पुढे पळत होतं, आणि वितळत होता तो त्याचा पगार.

चौदाव्या महिन्यात दुकानदारानं चार बायकांसमोर कार्ड परत केलं. चालत नाही म्हणाला. सबिहा पिशवी तिथंच ठेवून घरी आली, आणि रिफतला 'किमान' दाबल्याचं सांगावं लागलं.

"किमान म्हणजे किती?" तिनं विचारलं.

"म्हणजे... थोडे."

"आणि बाकीचे?"

रिफतनं फोन तिच्यापुढे सरकवला.

"चौदा महिने मला नुसतं धन्यवाद वाचून दाखवत होतास तू."

लग्नातल्या दोन बांगड्या उरल्या होत्या. त्या तिनं सोनाराकडे नेऊन विकल्या. तिथं ती रडली नाही. घरी येऊन बाह्या मनगटापर्यंत ओढून बसली. निम्मं कर्जही फिटलं नाही. उरलेलं बँकेनं चार वर्षांच्या हप्त्यांत बांधून दिलं. रिफतच्या पगारात घरभाडं आणि पोटच जेमतेम भागत होतं.

बैरामच्या सणाला नेसरीन घरी आली ती परत गेलीच नाही. बापाच्याच कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. पगाराचं खातं उघडलं त्याच संध्याकाळी ती बापाशेजारी बसली आणि हप्ता आपल्या पगारातून आपोआप जाईल अशी सोय करू लागली. रिफतला तिच्याकडे बघवत नव्हतं. लाज वाटत होती, आणि काहीतरी धीराचं बोलावंसंही वाटत होतं.

"चार वर्षं काय, बघता बघता जातील," तो म्हणाला. "तेवीसचीच तर असशील तू. मग परत शीक."

"चोवीस, बाबा," नेसरीन म्हणाली आणि तिनं 'मान्य' दाबलं.

तिच्या आयुष्यातला पहिला पगार पंधरा तारखेला सकाळी जमा झाला. ती कारखान्यात पोहोचेपर्यंत त्यातला हप्ता गेलेला होता.